आपणहून हलणारा माल

मडगावच्या कोर्टात सव्वीस वर्षं मी दुभाषी.
पोर्तुगीज दस्त, कोकणी साक्षी, मराठी बखेडे
एकाच इंग्रजी चाळणीतून गाळायचे
आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायचे.
गाळात काय राहतं, ते कोणी विचारत नाही.

यंदा प्रतिवादीच्या वकिलानं एक जुनी इन्व्हेंटारी लावली.
मिंगेल कुलासो वारला, भावाभावांत वाटणी झाली, साल त्रेपन्न:
माड सत्तेचाळीस. विहीर, अर्धी.
सागवानी पलंग. तांब्याची दोन भाणी.
आणि खाली वेगळा मथळा घालून, सेमोव्हेंतिश:
बैल एक, तांबडा, डावं शिंग खाली वळलेलं.

कोशात पाहिलं. मग कोश मिटून लिहिलं,
आपणहून हलणारा माल.
टाईप करताना बोट थोडं थांबलं.
मीही रोज पावणेदहाला आपणहून हलतो.

अर्जदार क्रमांक एक: कप्तान.
वय अंदाजे आठ. धंदा: रेघ.
राहणार: इनासियु कुलासोचा गोठा, बाणावली.
वादमित्र लुर्दीन परेरा, निवृत्त शिक्षिका,
जिनं माडांमागून धिरयो पाहिली,
कापलेल्या शेतात, संध्याकाळचं, पैजा लावून,
आणि घरी येऊन रात्रभर पाय धुतले.

वकालतनाम्यावर सही हवी होती.
शिरस्तेदार म्हणाला, खुराचा ठसा घ्या की.
आम्ही हसलो. केंकरेबाई हसल्या नाहीत.

वर्षा केंकरे, आवाज बारीक, फायलीला सुतळी.
म्हणाल्या, गावची कोमुनिदाद उभी राहते कोर्टात,
तिला तोंड आहे का?
देवळातला देव जमिनीसाठी भांडतो,
तो कधी आला का तारखेला?
मुरगावच्या धक्क्याला लागलेलं जहाज,
निव्वळ लोखंड, त्याच्याच नावानं जप्ती निघते.
ज्याला दुखतं तेवढ्यालाच का नाव नाही?

साहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं.

मग इनासियु पिंजऱ्यात आला.
इस्त्रीचा शर्ट, मनगटावर शिंगाचा जुना वण.
ताका हांवें पुताभशेन वाडयला, म्हणाला.
मी सांगितलं, त्याला मी मुलासारखा वाढवला.
रोज सकाळी दोन अंडी. उन्हाळ्यात समुद्रावर न्हाणं.
आजारी पडला तेव्हा गोठ्यातच चटई टाकली.
खोटं बोलत नव्हता. खोट्याचा वास मला येतो.

साहेबांनी विचारलं, मुलाला झुंजवता?

मी कोकणीत उलथवलं. उत्तर आलं नाही.
पंख्याचा एक पाता घासत होता.
साहेब माझ्याकडे बघत राहिले, जणू मी मागे काही ठेवलंय.
साक्षीदार गप्प आहे, म्हणालो.
नोंद झाली: साक्षीदार गप्प.
त्या गप्पपणात अंडी होती, चटई होती,
कापलेलं शेत, नोटा हलवणारे हात,
आणि एवढं सगळं कुठल्याच रकान्यात बसेना.

तारीख पडली. जूननंतर.
तोवर बैल धिरयोला न्यायचा नाही, एवढा तात्पुरता हुकूम.
अर्जदार माणूस की माल, तो मुद्दा राखून ठेवला.

रविवारी मी बाणावलीला गेलो, कारण काही नव्हतं.
इनासियुनं ओळखलं, बस म्हणाला नाही, जा म्हणालाही नाही.
कप्तान सावलीत उभा होता. उजवं शिंग टोकाला फुटलेलं,
कानामागे जखम, तिच्यावर हळद.
कुणी लावली ती, विचारलं नाही.
जाड मीठ होतं बादलीत. मी मूठभर पुढे धरलं.

खरखरीत जीभ, गरम,
मनगटापर्यंत.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
कोणीतरी माझ्याशी बोललं
आणि मला ते कुणाला सांगायचं नव्हतं.

हात ओलाच ठेवून बसस्टॉपवर आलो.
सोमवारी इन्व्हेंटारीच्या तर्जुम्यावर शिक्का मारायचा आहे.
ओळ अजून तशीच आहे. खोडावी,
तर मूळ तेच म्हणतं.
समासात बारीक पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलंय.
साहेब चष्मा लावून वाचतात का, बघू.